पर्मनंट झालात? पहिल्या सहा महिन्यांत या चुका टाळा

चाकण पट्ट्यात पोरगा पर्मनंट झाला की गावाकडे पेढे वाटले जातात, आणि ते वाटायलाच हवेत. आधी आयटीआय, मग अप्रेंटिस, मग दोन-तीन वर्षं कंत्राटदाराच्या नावावर लाइनवर उभं राहायचं, मधेमधे कामात ब्रेक सोसायचा. एवढं झाल्यावर कुठे कंपनीच्या लेटरहेडवर आपलं नाव येतं. मीही याच वाटेने आलो. आता महाळुंगे, खराबवाडीत खोली करून राहणारी नवी पोरं-पोरी कागद घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्याच त्या अडचणी पुन्हा समोर येतात. बहुतेकांचं मूळ एकच असतं. नोकरी इतक्या कष्टाने मिळालेली असते की टाइम ऑफिसच्या खिडकीशी जाऊन काही विचारायची भीती वाटते. "आत्ताच आला आणि प्रश्न विचारायला लागला" असं कुणी म्हणेल म्हणून गप्प बसायचं, आणि मग दोन-चार वर्षांनी त्याची किंमत मोजायची.

सुपरवायझरच्या तोंडी शब्दावर थांबणं

"तुझं झालं रे, तू आता पर्मनंट," असं लाइनवर कुणी सांगितलं म्हणजे काम झालं असं नाही. नेमणूकपत्र नीट वाचा. त्यात बहुधा प्रोबेशनचा, म्हणजे कामगाराला पारखून बघण्याचा, काळ दिलेला असतो, आणि लेखी कळवल्याशिवाय तो संपला असं समजू नये, अशी ओळही बऱ्याचदा असते. तशी ओळ असेल तर सहा महिने झाल्यावर कन्फर्मेशनचं पत्र आपणहून मागा. हे मागण्यात उद्धटपणा नाही. नोटीस पिरियड प्रोबेशनमध्ये किती आणि नंतर किती, तेही तिथेच लिहिलेलं असतं. प्रत्येक कागदाचा फोटो काढून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. दहावी-बारावीचे, आयटीआयचे मूळ दाखले पडताळणीला दाखवायचे आणि परत घ्यायचे. ते कुणाकडेही ठेवून यायचं नाही.

सीटीसीचा आकडा घरी सांगणं

वार्षिक ३,६०,००० सीटीसीचं (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचं) पत्र हातात पडतं, बाराने भागलं की तीस हजार, आणि संध्याकाळपर्यंत भावकीत "पोराला तीस हजार पगार" ही बातमी पोचते. महिन्याच्या अखेरीला खात्यात वेगळाच आकडा येतो आणि आई विचारते, बाकीचे कुठे गेले?

हिशोब करून पाहू. समजा तुमचं बेसिक १५,००० आहे. कंपनी पीएफमध्ये तिच्या वाट्याचे १२ टक्के, म्हणजे १,८०० भरते आणि ते बहुतेक ठिकाणी सीटीसीतच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२२ रुपये, तेही त्यातच. ही रक्कम महिन्याला हातात येत नाही. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी सलग ५ वर्षांच्या नोकरीनंतर मिळते. उरले २७,४७८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात येतात २५,४७८. कॅन्टीन, बस, मेडिक्लेम कापत असतील तर आणखी कमी. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो, कारण वर्षाचे मिळून २,५०० पूर्ण करायचे असतात. दर फेब्रुवारीला कुणीतरी हे शंभर रुपये घेऊन भांडायला जातं. मुलींनी एक पाहावं: महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. त्या मर्यादेत असूनही स्लिपवर कापलेला दिसला तर लगेच विचारा.

घरी सांगायचा आकडा हातात येणारा. तोच पहिल्या दिवसापासून सांगा, कारण बहिणीचं लग्न, घराचं छप्पर, बोअरवेल यांचे बेत त्यावर आखले जातात.

जुना यूएएन न सांगणं, आणि नावाचा घोळ

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. मीही अडकलो होतो.

अप्रेंटिस असताना पीएफ नसतो, पण कंत्राटदाराकडे काम केलं असेल तर तुमचा बारा आकडी यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) बहुधा तेव्हाच निघालेला असतो. कायम नोकरीच्या जॉइनिंगला फॉर्म ११ भरताना "आधी पीएफ होता का?" या प्रश्नाला घाईत "नाही" लिहिलं जातं. कुणाला नंबर आठवत नाही, कुणाला वाटतं कंत्राटी काम कशाला सांगा. मग दुसरा यूएएन निघतो, जुने पैसे एकीकडे आणि नवे दुसरीकडे. नुकसान फक्त पैशांचं नाही. पीएफसोबत पेन्शन योजनाही असते, आणि मासिक पेन्शनचा हक्क मिळायला १० वर्षांची नोकरी लागते. खाती जोडलेली असतील तर कंत्राटातली वर्षंही त्यात धरली जातात. शिवाय १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचं बेसिक १५,००० च्या वर असेल तर त्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. तुम्ही आधीपासून सभासद होता, हे लपलं तर नव्या कंपनीत तुमची नोंद 'पहिल्यांदाच' म्हणून होते आणि तुमचं पेन्शन खातं तिथेच थांबतं.

आता नावाचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बऱ्याचदा नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कंत्राटदाराच्या ऑफिसात बसलेला पोरगा समोर आलेल्या कागदावरून नाव टाइप करतो. माझं नाव असंच गुणपत्रिकेवरून चढलं होतं. आधारशी जुळेना म्हणून पैसे नव्या खात्यावर घ्यायचा अर्ज परत आला, आणि तोवर तो कंत्राटदार कंपनीतून निघून गेला होता. सही आणायची कुणाची? कित्येक महिने मी सुट्टीच्या दिवशी त्याला शोधत फिरलो. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे. १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघालेला आणि आधारशी जोडलेला यूएएन असेल तर नाव, जन्मतारीख यांची दुरुस्ती सभासदाला पोर्टलवर स्वतः करता येते. जुन्या कंत्राटदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तीही आपणच भरू शकतो.

म्हणून पहिल्याच महिन्यात आधार, पॅन, बँक पासबुक आणि पीएफवरचं नाव एका ओळीत लिहून ताडून पाहा. नंतर उमंग या सरकारी ॲपवर पीएफचं पासबुक उघडा. मालकाने त्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. स्लिपवर कापला आणि थोडे दिवस थांबूनही पासबुकात आला नाही, तर त्याच महिन्यात विचारा. दोन वर्षांनी विचारलं तर उत्तर द्यायला कुणी जागेवर नसतं. नॉमिनीचं नावही त्याच बैठकीत भरून टाका.

कंत्राटाचा पीएफ काढून मोबाइल घेण्याचा सल्ला मित्र देतील. देऊ द्या. सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढलेली रक्कम करपात्र होते आणि पेन्शनची मोजलेली वर्षंही हातची जाऊ शकतात. काढू नका, वर्ग करून घ्या.

ईएसआय सुटली हे लक्षात न येणं

कंत्राटात असताना ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड होतं, आईचा दवाखाना त्यावर व्हायचा. कायम झाल्यावर पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआय लागू राहत नाही. पगार मधेच वाढला तर चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत ती चालते. नव्या कंपनीत पहिल्यापासूनच पगार जास्त असेल तर ती सुरूच होत नाही. त्या जागी कंपनीचा मेडिक्लेम येतो. पण ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आई-वडील धरलेले असतात, आणि मेडिक्लेममध्ये बऱ्याच कंपन्या त्यांना आपोआप घेत नाहीत. जास्तीचा हप्ता भरून घेता येत असेल तर त्यांची नावं जॉइन झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत द्यावी लागतात. ही मुदत कुणी घरी येऊन सांगत नाही. वडिलांची शुगर, आईचे गुडघे माहीत असताना ही तारीख चुकवू नका.

पगाराची स्लिप आली आणि जामीन राहिलात

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी जरा कळवळून सांगतो. गावात पर्मनंट माणसाची स्लिप म्हणजे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन. चुलता म्हणतो, "नुसती सही कर, हप्ते मी भरतो." कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते, आणि तो जामीनदारावरही चालतो. वसुली तुमच्या पगारापर्यंत येते, कारण ठरलेल्या तारखेला नक्की सापडणारा पैसा तोच असतो. माझ्या खोलीतल्या एकाचा पगार वर्षभर असा कापला जात होता आणि तो घरी कुणाला सांगू शकत नव्हता. नातं तोडायला मी सांगत नाही. "प्रोबेशन आहे, कंपनीच्या नियमात बसत नाही" असंही खोटं बोलू नका. "काका, एवढी रक्कम मी मदत म्हणून देतो, पण सही करणार नाही," असं म्हणा. पहिल्यांदा जड जातं.

बाइकचा हप्ताही कन्फर्मेशनच्या पत्रानंतर. तोवर कंपनीची बस आहे.

खोली कराराशिवाय घेणं

डिपॉझिट रोख दिलं, करार नाही, अशी खोली घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा असला तरी. मालक टाळत असेल तर निदान डिपॉझिट ऑनलाइन पाठवा आणि कशाचे पैसे ते त्यात लिहा. पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार पुढे बँकेत लागतो.

नाइट संपवून गाडी चालवणं, आणि डबल मारणं

थर्ड शिफ्ट सुटल्यावर तळेगाव चौकातली गर्दी टाळायची म्हणून पोरं बाइकवर घाईने निघतात. रात्रभर जागलेल्या माणसाने पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या शेजारून गाडी काढणं मला बघवत नाही. नाइटच्या आठवड्यात बसनेच या. खोलीत वेगवेगळ्या शिफ्टची पोरं असतील तर झोपेच्या वेळा आणि जाड पडदा हे भाडं ठरवतानाच ठरवा. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे, म्हणून डबल ड्यूटीचा मोह होतो. महिन्यातून एखादी ठीक. ओळीने दोन केल्या की तिसऱ्या दिवशी हात मशीनवर आणि लक्ष भलतीकडे असतं.

लागलेलं लपवणं

बोट चेपलं, पत्र्याने कापलं, कचरा डोळ्यात गेला, की नवीन माणूस रुमाल बांधून काम सुरू ठेवतो. नोंद झाली तर कन्फर्मेशन अडेल असं त्याला वाटतं. ईएसआयमध्ये कामावरच्या इजेचं संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतं, आणि तात्पुरतं काम बंद पडलं तर वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते. ईएसआयच्या बाहेर असलात तरी कामावरच्या इजेची भरपाई कायद्याने मालकावर आहे. पण अपघाताची नोंदच नसेल तर ही इजा कामावर झाली हे नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं. त्याच शिफ्टमध्ये फर्स्ट एडच्या रजिस्टरला वेळ, मशीन आणि शेजारी कोण होतं ते लिहून घ्या, त्या पानाचा फोटो काढा, फोन आत नेऊ देत नसतील तर शेजारच्याची सही घ्या, आणि मगच पट्टी बांधून खोलीवर जा.