ऑब्जेक्ट पुढच्या स्क्रीनवर पाठवताना या चुका टाळा

आमच्या अँड्रॉइड ॲपच्या टीममध्ये नवी मुलं आली की पहिल्या महिन्यात मी तीच पाच-सहा वाक्यं पुन्हा बोलतो. आता कंटाळा आला, म्हणून लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी सरळ हेच पाठवून देईन.

काम साधं दिसतं. यादीतल्या ग्राहकावर टॅप केलं, तपशिलाची स्क्रीन उघडली, तिथे त्या ग्राहकाचा आख्खा ऑब्जेक्ट, म्हणजे त्याची सगळी माहिती एकत्र, हवा. अडचण अशी की अँड्रॉइडमध्ये एका ॲक्टिव्हिटीने (म्हणजे एका स्क्रीनने) इंटेंट (पुढची स्क्रीन उघडायची मागणी) टाकला आणि दुसरीने झेलला असं होत नाही. इंटेंट आधी सिस्टिमच्या प्रोसेसमध्ये (वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जातो आणि तिथून परत आपल्याकडे येतो. या फेरीत ऑब्जेक्टचे बाइट करावे लागतात आणि पलीकडे त्या बाइटांतून नवा ऑब्जेक्ट उभा करावा लागतो. बहुतेक घोळ या बांधण्या-सोडण्यात होतात. उरलेले ते टाळायला गेल्यामुळे होतात, आणि ते जास्त वाईट.

स्टॅटिकमध्ये ठेवलं की झालं

माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून पहिली. पार्सलेबलची (ऑब्जेक्टचे बाइट करायची अँड्रॉइडची पद्धत) कटकट नको म्हणून एक सिंगलटन (आख्ख्या ॲपमध्ये एकच असणारा, स्टॅटिकमध्ये ठेवलेला ऑब्जेक्ट) काढायचा आणि त्याला डेटाहोल्डर असं भारदस्त नाव द्यायचं. पहिल्या स्क्रीनने त्यात ऑब्जेक्ट ठेवायचा, दुसरीने उचलायचा. डेमोत पाण्यासारखं चालतं. ज्याने केलं त्याला वाटतं, बाकीचे उगाच डोकेफोड करतायत.

काही वर्षांपूर्वी आम्ही शेतपाहणीचं एक ॲप केलं होतं. पाहणीला गेलेल्या माणसाने खातेदार निवडायचा, पिकाची माहिती भरायची, बांधावर उभं राहून फोटो काढायचा. निवडलेला खातेदार अर्थातच डेटाहोल्डरमध्ये. ऑफिसातल्या सगळ्या फोनवर झकास चाललं. पहिल्याच आठवड्यात तक्रारींचे फोन सुरू झाले: फोटो काढून परत आलं की ॲप बंद पडतं आणि भरलेलं सगळं जातं. क्रॅशच्या नोंदीत नल पॉइंटर (जिथे ऑब्जेक्ट हवा तिथे काहीच नाही), तोही दुसऱ्या स्क्रीनच्या ऑनक्रिएटमध्ये, म्हणजे ती उभी राहतानाच. फोटोनंतर होतंय म्हणजे दोष कॅमेऱ्याच्या कोडचा, असं आम्ही धरून चाललो. तीन दिवस तिथेच उकरत बसलो. फोटोचा आकार कमी केला, परवानग्या तपासल्या, लायब्ररी बदलून पाहिली. चौथ्या दिवशी तक्रार करणाऱ्यांतल्याच एकाचा फोन मागवला. 2 जीबी रॅमचा. पहिल्याच फोटोला ॲप पडलं.

कॅमेरा उघडला की त्याला भरपूर मेमरी लागते. फोनमध्ये ती नसेल तर सिस्टिम मागे पडलेल्या प्रोसेस मारते, आणि त्या क्षणी मागे पडलेली प्रोसेस आपलीच असते. फोटो काढून माणूस परत येतो तेव्हा अँड्रॉइडला वरची ॲक्टिव्हिटी कोणती होती ते आठवत असतं, तिचा इंटेंट आणि सेव्ह केलेली स्टेटही त्याच्याकडे असते. मग नवी प्रोसेस सुरू होते आणि थेट दुसरी स्क्रीन उभी राहते. पहिली स्क्रीन या प्रोसेसमध्ये चाललेलीच नसते, मग डेटाहोल्डरमध्ये खातेदार ठेवणार कोण? इंटेंटमधून पाठवलेलं परत मिळतं, स्टॅटिकमधलं मिळत नाही. ओटीपी बघायला मेसेज उघडणारा, मध्येच फोन घेणारा, सगळे याच रांगेत.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. दुसरी स्क्रीन उघडायची, होम दाबायचं, लॅपटॉपवरून एडीबी शेल एएम किल आणि पुढे पॅकेजचं नाव अशी आज्ञा द्यायची (ती मागे पडलेली प्रोसेस मारते), मग रिसेंटमधून ॲपमध्ये परत यायचं. अर्धा मिनिटही लागत नाही. हे करून पाहिल्याशिवाय माझ्याकडे रिव्ह्यूला येऊ नका. रिसेंटमधून ॲप वर सरकवून टाकलं तर ती चाचणी नव्हे. त्याने टास्कच जातो, ॲप पहिल्या स्क्रीनपासून सुरू होतं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. डेव्हलपर ऑप्शनमधलं ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ माझ्या टेस्टच्या फोनवर कायम चालू असतं. पण ते फक्त ॲक्टिव्हिटी मारतं, प्रोसेस नाही, त्यामुळे स्टॅटिकचं पाप त्यात उघडं पडत नाही. दोन्ही करा.

लिहिण्याचा क्रम एक, वाचण्याचा दुसरा

पार्सलमध्ये, म्हणजे त्या बाइटांच्या गाठोड्यात, फील्डची नावं नसतात. एकामागोमाग एक किमती लिहिलेल्या असतात, आणि ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने वाचायच्या, एवढाच करार. तो कुणी तपासत नाही. कंपायलर तर नाहीच.

घाऊक भाजीच्या ऑर्डरचं ॲप होतं. प्रत्येक ओळीत मालाचं नाव, किलो आणि दर. किलो आणि दर दोन्ही इंट, म्हणजे पूर्णांक. पार्सलेबल हाताने लिहिलेला: लिहिणाऱ्या राइटटूपार्सलमध्ये नाव, किलो, दर, आणि नवा ऑब्जेक्ट उभा करणाऱ्या कन्स्ट्रक्टरमध्ये वाचताना नाव, दर, किलो. कुणीतरी मध्ये फील्ड वर्णानुक्रमाने ‘नीट’ लावली होती, फक्त एका बाजूला. स्ट्रिंग आणि इंटची अदलाबदल असती तर काहीतरी कचरा दिसला असता. इथे दोन इंट, त्यामुळे सगळं शहाण्यासारखं. 90 रुपये दराचं 2 किलो आलं (अद्रक) पुढच्या स्क्रीनवर 2 रुपये दराचं 90 किलो आलं होऊन पोचायचं. आणि रक्कम? इकडे 180, तिकडेही 180. टेस्टिंगवाल्याने एकूण रक्कम जुळवली आणि पास केलं. रिव्ह्यू माझा होता, मीही जुळवली ती रक्कमच.

त्यावर आणखी एक गंमत. ज्याने मध्ये ‘बदल करा’ ही स्क्रीन उघडली त्याची ऑर्डर बरोबर जायची, कारण ऑब्जेक्ट दोनदा बांधला-सोडला जायचा आणि उलटं झालेलं पुन्हा सुलटं व्हायचं. म्हणजे तक्रार आली की आम्ही ऑर्डर उघडून, बदलून बघायचो आणि आमच्याकडे सगळं बरोबर दिसायचं. शेवटी टेम्पो भरणाऱ्याने पकडलं. म्हणाला, “साहेब, या खानावळीला नव्वद किलो आलं कशाला?”

उपाय एका शब्दाचा: पार्सलाइज. कॉटलिन या भाषेत क्लासवर ते ॲनोटेशन (खूण) लावलं की लिहिणं-वाचणं कंपायलरच तयार करतो, क्रम चुकण्याचा प्रश्नच संपतो. जावात अडकलेले असाल तर दोन्ही पद्धती एकाखाली एक ठेवा आणि एकेक ओळ बोट ठेवून ताडून बघा. जुन्या ट्यूटोरियलमधून उचलताना मात्र सांभाळा. पार्सलाइज पूर्वी कॉटलिन अँड्रॉइड एक्स्टेन्शन्स या प्लगइनमध्ये होतं. 2020मध्ये कॉटलिन 1.4.20 आलं तेव्हा ते प्लगइन बाद ठरलं आणि पार्सलाइजसाठी वेगळं प्लगइन निघालं. जुना इम्पोर्ट चिकटवून ‘चालत नाही’ म्हणत येणारे अजून भेटतात. आणि पार्सलाइज फक्त मुख्य कन्स्ट्रक्टरमधली फील्ड नेतं. क्लासच्या अंगात खाली लिहिलेलं ‘निवडलंय का’ हे व्हेरिएबल पलीकडे मूळ किमतीवर येतं. एडिटर पिवळी रेघ मारून हेच सांगत असतो, पण पिवळ्या रेघा वाचतो कोण.

फ्रॅगमेंटवाल्यांनी (ॲक्टिव्हिटीच्या आतला स्क्रीनचा तुकडा वापरणाऱ्यांनी) वेगळं लक्ष द्या. फ्रॅगमेंटच्या आर्ग्युमेंटचं बंडल (नाव-किमतीच्या जोड्यांचं गाठोडं) त्याच प्रोसेसच्या मेमरीत असतं, लगेच त्याचे बाइट होत नाहीत. स्क्रीन आडवी केली तरी होत नाहीत. त्यामुळे चुकीचा क्रमसुद्धा महिनोन्महिने खपून जातो आणि प्रोसेस मेली की पहिल्यांदा दिसतो. वरची एडीबीची आज्ञा इथेही.

आख्खा फोटो इंटेंटमध्ये

बाइंडरच्या (दोन प्रोसेसमधली ने-आण करणारी यंत्रणा) व्यवहाराचा बफर 1 एमबी असतो, आणि तोही त्या वेळी प्रोसेसमध्ये चालू असलेल्या सगळ्या व्यवहारांत वाटलेला. तुमच्या एकट्याच्या वाट्याला 1 एमबी येईल या भ्रमात राहू नका. 1000 गुणिले 1000 पिक्सेलचा बिटमॅप, एका पिक्सेलला 4 बाइट, झाले 40 लाख बाइट. हिशेब पाटीवर मांडला असता तरी कळलं असतं. जेपीजी फाइल 200 केबीची आहे हे सांगू नका; मेमरीतला बिटमॅप उलगडलेला असतो. फोटो फाइलमध्ये ठेवा, पुढे युआरआय (फाइलचा पत्ता) पाठवा.

याद्यांचंही तेच. 40 ग्राहकांची यादी बंडलमध्ये घालून टेस्ट करायची आणि प्रत्यक्षात 4,000 ग्राहकांच्या दुकानदाराला ॲप द्यायचं, हा नेहमीचा प्रकार. पार्सलमध्ये स्ट्रिंगच्या प्रत्येक कॅरेक्टरला 2 बाइट लागतात, आणि देवनागरीत कॅरेक्टर म्हणजे अक्षर नव्हे. ‘क्षि’ हे आपल्या लेखी एक अक्षर. तिथे क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार, म्हणजे 8 बाइट. ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेटमध्ये (स्क्रीनची स्टेट सेव्ह होते तिथे) असं गाठोडं भरलं तर पूर्वीच्या अँड्रॉइडवर ते नुसतं नोंदीत बडबडून सोडून द्यायचं. अँड्रॉइड 7.0पासून थेट ट्रान्झॅक्शन टू लार्ज म्हणत ॲप पाडतं, आणि स्टॅक ट्रेसमध्ये तुमच्या कोडची एक ओळ सापडत नाही. सेव्ह केलेल्या स्टेटसाठी 50 केबीच्या आत राहा, असं अँड्रॉइडचं डॉक्युमेंटेशनच सांगतं.

मॅपचा क्रम

ही चूक फार जणांना माहीत नाही, मीही आपटूनच शिकलो. बसचे थांबे आणि वेळा मॅपमध्ये ठेवल्या होत्या. कॉटलिनचा साधा मॅप आतून लिंक्डहॅशमॅप असतो, त्यामुळे भरलेला क्रम टिकतो: स्वारगेट, पद्मावती, बालाजीनगर, कात्रज. तो सीरियलायझेबल (बाइट करायची जावाची पद्धत) म्हणून इंटेंटमध्ये घातला आणि पलीकडे बस कात्रजहून निघून स्वारगेटला वळसा घालून पुन्हा बालाजीनगरला येऊ लागली. कारण पार्सल कुठलाही मॅप दिसला की त्याला निव्वळ मॅप म्हणून लिहितं आणि वाचताना हॅशमॅप बनवतं. हॅशमॅपला क्रम नसतो. पलीकडे लिंक्डहॅशमॅप किंवा ट्रीमॅप म्हणून कास्ट केलं तर निदान क्रॅश होऊन कळतं. नुसता मॅप म्हणून घेतलं तर गपचूप क्रम जातो. लिंक्डलिस्टही अशीच ॲरेलिस्ट होऊन येते. क्रम महत्त्वाचा असेल तर थांब्याचा छोटा क्लास करा आणि त्याची यादी पाठवा.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

सीरियलायझेबल बाहेरच्या क्लासला लावला, आतल्या पत्त्याच्या क्लासला विसरला: कंपाइल होतं, टॅप केलं की पडतं. त्याच्या वेगावरून मात्र माझ्याशी भांडू नका. चार फील्डच्या ऑब्जेक्टला तो फरक कुणाच्या डोळ्याला दिसत नाही.

पलीकडे पोचते ती प्रत असते. दुसऱ्या स्क्रीनवर नाव बदललं आणि यादीत जुनंच दिसतंय, हा बग नव्हे.

जेसनची (डेटा मजकुरात लिहायची पद्धत) स्ट्रिंग करून पाठवणं चालतं, पण जीसन (त्यातून ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) कॉटलिनच्या नल-सुरक्षेला जुमानत नाही. नल चालणार नाही असं लिहिलेल्या फील्डमध्ये तो खुशाल नल ठेवतो, आणि क्रॅश तिसऱ्याच ठिकाणी होतो.

पार्सलचे बाइट फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये साठवू नका. ते साठवणीसाठी बनवलेलेच नाहीत, अँड्रॉइड बदललं की वाचता येतील याची हमी नाही.

अँड्रॉइड 13मध्ये गेटपार्सलेबलएक्स्ट्राची (इंटेंटमधून ऑब्जेक्ट काढायची) जुनी पद्धत बाद ठरली आणि क्लास सोबत द्यायची नवी आली. पण 13वरच्या त्या नव्या पद्धतीत बग होता. इंटेंटकॉम्पॅट वापरा. ते नवी पद्धत 14पासूनच वापरतं, हातानं इफ-एल्स लिहायची गरज नाही.

मग पाठवायचं तरी काय

आयडी. बहुतेक वेळा एक लाँग (मोठा पूर्णांक) किंवा एक स्ट्रिंग, बस. पुढच्या स्क्रीनने त्या आयडीवरून रिपॉझिटरीकडे (डेटा पुरवणाऱ्या क्लासकडे) मागायचं. हे सांगितलं की दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, “सर, पण मग पुन्हा नेटवर्क कॉल होणार ना? आणि रेंज नसेल तर?” यादी आली तेव्हाच ती रूमच्या (फोनमधल्याच डेटाबेसच्या) टेबलात टाकली असेल तर कॉल कशाला होईल? शेतपाहणीच्या ॲपमध्ये शेवटी हेच केलं. इंटेंटमध्ये खातेदाराचा आयडी, अर्धा भरलेला फॉर्म टेबलात, फोटोची जागा कॅमेरा उघडण्याआधीच ठरवून सेव्ह केलेल्या स्टेटमध्ये. अजून सेव्ह न झालेला नवा ऑब्जेक्ट, फिल्टरची निवड, असल्या छोट्या गोष्टींना पार्सलाइज आहेच. तो मागवलेला 2 जीबीचा फोन आम्ही परत दिला नाही, बदल्यात दुसरा दिला. तो अजून माझ्या खणात आहे, काच तडकलेली, आणि रिलीजच्या आदल्या दिवशी पहिलं इन्स्टॉल त्याच्यावरच होतं.