घरचं बायोडिझेल आणि लसीवरचा वाद : या चुका टाळा

नाशकात तळणाच्या तेलाला तोटा नाही. भद्रकालीपासून सातपूरपर्यंत वडे, भजी, शेव, चिवडा यांच्या कढया दिवसभर चालू असतात. तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात साठणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल पुन्हा तळायला वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्यामुळे जळकं तेल देणारे दुकानदार मिळतात आणि दर हंगामात दोन-चार उत्साही पोरं माझ्या शेडमध्ये बायोडिझेल शिकायला येतात. तेलात मेथेनॉल आणि कॉस्टिक सोडा ढवळला की बायोडिझेल, म्हणजे डिझेलच्या जागी चालणारं इंधन, तयार होतं आणि ग्लिसरीन वेगळं पडतं. बॅच ढवळून ठेवली की ग्लिसरीन खाली बसायला रात्र जाते. तोवर चहा आणि गप्पा. करोनापासून या गप्पांची गाडी हमखास लसीवर जाते.

आता या दोन गोष्टी एकाच लेखात का, तर दोन्हीकडे मला तीच तीच चूक दिसते. मोजायचं सोडून अंदाजावर चालायचं, आणि अंदाज चुकला की पद्धतीलाच नावं ठेवायची. हे बघून खरोखर कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

टायट्रेशन न करता कॉस्टिक टाकणं

टायट्रेशन म्हणजे तेलातलं आम्ल थेंबाथेंबाने मोजणं; ते गाळलं जातं आणि सगळ्यात जास्त बॅचेस इथेच मरतात. ताज्या, न वापरलेल्या तेलाला लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि २०० मिली मेथेनॉल लागतं. व्हिडिओत एवढाच आकडा सांगतात आणि पोरं तो पाठ करतात. पण तळून तळून काळं झालेल्या तेलात मोकळी आम्लं तयार झालेली असतात. कॉस्टिक आधी त्यांना गाठतं, त्यांचा साबण करतं, आणि मग जे उरेल ते बायोडिझेलच्या कामाला येतं. तेल किती खराब आहे ते रंगावरून कळत नाही, वासावरूनही नाही.

पाथर्डी फाट्याकडचा एक तरुण इंजिनिअर. हुशार, पण घाई फार. त्याने फरसाणवाल्याकडून ५० लिटर तेल आणलं आणि घरीच बॅच लावली, साडेतीनच्या हिशेबाने. सकाळी बघतो तर ग्लिसरीनचा थरच नाही, सगळं एकसारखं गढूळ. त्याने काय करावं? अंदाजाने आणखी कॉस्टिक टाकलं. तरी नीट थर पडेना, म्हणून पाणी घालून ड्रिलला लावलेल्या पॅडलने जोरात घुसळलं. मला फोन आला तेव्हा ड्रममध्ये घट्ट ताकासारखं काहीतरी होतं. बोट बुडवलं तर बुळबुळीत, धारेने खाली पडायलाही तयार नाही. "काका, व्हिडिओत तर इतकंच सांगितलंय," हे त्याचं पहिलं वाक्य. त्याच्याकडे मूळ तेल थोडं शिल्लक होतं, त्याचं टायट्रेशन केलं तर आकडा ४ आला. म्हणजे लिटरमागे साडेसात ग्रॅम हवं होतं. साडेतीन ग्रॅम टाकल्यावर सगळं कॉस्टिक आम्लं मारण्यातच संपलं, मूळ क्रियेला काहीच उरलं नाही. दहा लिटर मेथेनॉल वाया गेलं ते वेगळंच.

टायट्रेशनला वीस मिनिटं लागतात. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक ग्रॅम कॉस्टिक, हे तुमचं मोजायचं द्रावण. दुसऱ्या भांड्यात १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारं रसायन) दोन-तीन थेंब आणि १ मिली तेल. तेल विरघळेपर्यंत भांडं गरम पाण्यात धरा. मग सिरिंजने थेंब थेंब द्रावण सोडत राहा. फिकट गुलाबी रंग आला आणि पंधरा-वीस सेकंद टिकला की थांबा. जितके मिली लागले तितके ग्रॅम, अधिक साडेतीन, हे एका लिटरचं कॉस्टिक. मी तीनदा करतो आणि तिन्ही आकडे जुळले नाहीत तर चौथ्यांदा करतो. आकडा ५ च्या वर गेला तर मी ते तेल सरळ परत देतो. ॲसिड वापरून दोन टप्प्यांत असलं तेलही वळवता येतं, पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कोरी चाचणी सोडून देणं

टायट्रेशन करणारेसुद्धा ही पायरी गाळतात. अल्कोहोल स्वतःच थोडं आम्लधर्मी असू शकतं. म्हणून तेल टाकायच्या आधी नुसत्या अल्कोहोलमध्ये द्रावणाचे थेंब सोडून ते फिकट गुलाबी करून घ्यायचं आणि मगच तेल टाकायचं. हे केलं नाही तर अल्कोहोलचा दोष तेलाच्या नावावर लागतो, कॉस्टिक जास्त पडतं आणि पुन्हा साबण.

"एवढ्याशा थेंबांनी काय फरक पडतो?" असं विचारणाऱ्यांना मी मुंबईची गोष्ट सांगतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी तिथेच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. स्वतःला काही झालं नाही, यावरून लस प्लेग रोखते हे सिद्ध होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना टोचलं, बाकीचे तसेच राहिले. जागा तीच, अन्नपाणी तेच. टोचलेल्यांत आजारी पडणारे आणि मरणारे, दोन्ही बरेच कमी निघाले. आजच्या कसोटीला तो प्रयोग तोकडा आहे, कारण कुणाला टोचायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. पण न टोचलेल्यांचा गट शेजारी होता, म्हणूनच तुलना करता आली. ज्याला लस दिली नाही तो गट म्हणजे प्रयोगातली कोरी चाचणी. ती नसेल तर कुठला परिणाम कशाचा हे कळायचा मार्गच राहत नाही.

"आजारी पडलेल्यांत निम्मे तर लस घेतलेलेच होते!"

लसीच्या वादातली ही माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक, कारण ही करणारी माणसं शिकलेली असतात. आकडा खराही असू शकतो. चूक असते ती तो कशाला भागायचा यात.

एक काल्पनिक गाव घ्या. मुलं १०००. त्यातल्या ९०० जणांनी गोवराची लस घेतली आहे, १०० जणांनी नाही. साथ आली. लस न घेतलेल्यांपैकी ५० आजारी पडले, घेतलेल्यांपैकी ४५. आता नुसते आजारी मोजले तर ९५ पैकी ४५, म्हणजे जवळजवळ निम्मे लस घेतलेले. कुणीही म्हणेल, लस कुचकामी. पण भागाकार नीट करा. न घेतलेल्यांत १०० पैकी ५०, म्हणजे शेकडा ५०. घेतलेल्यांत ९०० पैकी ४५, म्हणजे शेकडा ५. धोका दहापटीने कमी झाला. गावात लस घेणारे जितके वाढतील तितकं आजाऱ्यांत त्यांचं प्रमाण वाढत जाणार. सगळ्यांनीच घेतली तर जे थोडे आजारी पडतील ते शंभर टक्के लस घेतलेलेच असतील.

हे मी शेडच्या भिंतीवर खडूने मांडून दाखवतो. तोंडी सांगून उपयोग होत नाही, समोरच्याला स्वतः भागाकार करायला लावावा लागतो. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला २०२२ च्या अखेरीस गोवराचे रुग्ण आढळले, त्याच सुमारास मुंबईत गोवंडीकडे मुलं दगावली. तेव्हा हा हिशेब घराघरात समजायला हवा होता असं मला आजही वाटतं.

एका बाटलीवरून सगळ्याला नावं ठेवणं

पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १९०२ मध्ये प्लेगची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचलं होतं, बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढे पुरावे तपासले तेव्हा दोष गावात ती बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीकडे निघाला आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. माणसं गेली हे खरं, आणि ते लपवूही नये. पण दोष नेमका कुठे होता हे शोधायला वेळ द्यावा लागतो, आणि लोकांना तेवढा धीर नसतो. बॅच फसली की "हे बायोडिझेल वगैरे सगळं थोतांड" म्हणून ड्रम विकणारे मी पाहिलेत.

लसीच्या वादातल्या बाकीच्या चुका थोडक्यात:

लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा १९९८ चा निबंध १२ मुलांवर होता आणि तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास आला, त्यात संबंध आढळला नाही. बारा एका बाजूला, साडेसहा लाख दुसऱ्या बाजूला. याला "दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत" म्हणू नका.

लसीच्या बाजूने बोलणारेही चुकतात. "काही म्हणजे काही होत नाही" असं ठोकून देऊ नका. ताप येतो, क्वचित तापात झटका येतो, तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीमुळे अगदी विरळा लुळेपणाही आलेला आहे. म्हणूनच तर २०१६ मध्ये आपल्याकडचा तोंडी डोस बदलला आणि सोबत टोचायची लस आली. जोखीम सांगून तिची आजाराशी तुलना केली की समोरचा ऐकतो. लपवलं की तो पुढचं काहीच ऐकत नाही.

आणि घाबरलेल्या आईला अडाणी म्हणू नका. तिने विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा रास्त असतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत घेता येतो. कार्ड घेऊन आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात जा, एवढं शांतपणे सांगितलं तरी पुष्कळ काम होतं.

पुन्हा शेडकडे

तेलात पाणी: कढईत चमचाभर तेल कडक तापवा. चुरचुरलं तर पाणी आहे. सगळं तेल ११० अंशांपर्यंत तापवून पाणी उडवा, निववा, मगच पुढे.

ॲल्युमिनियमची पातेली: कॉस्टिक त्यांना खातं आणि हायड्रोजन सुटतो. स्टील वापरा.

नितळ दिसतंय म्हणजे झालं असं समजणं: ३ मिली बायोडिझेल २७ मिली मेथेनॉलमध्ये हलवा. तळाशी तेलाचा थेंब बसला तर क्रिया अर्धवट आहे. नितळपणावर भरवसा ठेवून इंजेक्टर घालवलेले लोक आहेत.

साबण काढायला बायोडिझेल पाण्याने धुताना घुसळणं: पहिलं पाणी वरून झारीने सोडा, हात लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला हलकं ढवळा.

ग्लिसरीन नाल्यात ओतणं: तो नाला शेवटी गोदावरीत जातो. त्यात मेथेनॉल आणि कॉस्टिक असतं. असं करणाऱ्याला मी दुसऱ्यांदा शेडमध्ये घेत नाही.

जुन्या गाडीत एकदम शंभर टक्के भरणं: बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. आधी थोडं मिसळा आणि एक जास्तीचा फिल्टर जवळ ठेवा. जुन्या रबरी नळ्याही बदला.

मेथेनॉलबद्दल मात्र एका ओळीत भागणार नाही. ते ६५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तेल ५५ च्या वर असताना ओतायचं नाही. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागलीय हे अंगाला चटका बसल्यावर कळतं. गॅसची शेगडी त्या जागेत नकोच. कातडीतूनही ते शरीरात जातं, डोळे जातात, जीव जातो. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभरावर माणसं विषारी दारूने गेली, त्या दारूत हेच होतं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते भरून ठेवणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही. परवान्याशिवाय साठा करू नका. कॅनवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, कुलपात ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला, मिश्रण उघड्यावर करा. स्वयंपाकघरात कधीही नाही.

थंडी विसरणं

फरसाणाचं तेल बहुतेक पामचं असतं, आणि पामच्या बायोडिझेलमध्ये १३ ते १६ अंशांच्या दरम्यानच मेणासारखे कण धरायला लागतात. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर, कधी त्याखालीही उतरतो. तिकडच्या एका द्राक्षबागायतदाराने दिवाळीत केलेलं बायोडिझेल ट्रॅक्टरमध्ये निव्वळ भरलं. डिसेंबरात धुकं पडलं, पहाटेच फवारणी काढायची होती, आणि ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर बागेत दोन ओळी जाऊन बंद. इंजेक्शन पंप गेला म्हणून मेकॅनिक बोलावला. फिल्टर उघडला तर आत वनस्पती तुपासारखा पांढरा गोळा. फिल्टरवर गरम पाण्याची फडकी गुंडाळून, टाकीत डिझेल ओतून ट्रॅक्टर चालू झाला तेव्हा ऊन वर आलं होतं. फवारणी त्या दिवशी राहिली आणि धुक्याच्या दिवसांत बागेला ते परवडत नाही.

मी दिवाळी ते शिवरात्र डिझेलमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त बायोडिझेल घालत नाही. उन्हाळ्यात प्रमाण वाढवतो. प्रत्येक नव्या बॅचचं जे मिश्रण गाडीत जाणार, त्याची छोटी बंद बाटली चिठ्ठी लावून आमच्या शेडमधल्या जुन्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवतो. घरच्या, खाण्याच्या फ्रिजमध्ये नाही. सकाळी ती गढूळ दिसली की बायोडिझेलचं प्रमाण निम्मं करायचं आणि त्याच रात्री दुसरी बाटली ठेवायची.