पॅन टाका, बिलं आपोआप जागेवर लागतात

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात जीएसटीचं काम बघते. मासिक भरणाऱ्यांचं 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण), 20 पर्यंत 3बी (महिन्याचा हिशोब आणि कर). त्या धांदलीत एका काकांचं बिल डाऊनलोड्समध्येच राहिलं आणि त्या महिन्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घ्यायचं राहून गेलं. मला रात्रभर झोप लागली नाही.

आता मॅकवर हेझल वापरते, फाईली नियमांप्रमाणे आपोआप लावणारं ॲप. त्याला डाऊनलोड्स फोल्डर दाखवायचा आणि प्रत्येक क्लायंटचा एक नियम करायचा. फाईलच्या नावावर विसंबू नका, लोक 'स्कॅन001' असंच पाठवतात. अट आतल्या मजकुरावर घाला: 'कंटेंट्स', 'कंटेन मॅच', आणि पुढे क्लायंटचा पॅन. जीएसटी नंबर का नाही? त्याच्या 15 अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्या गुजरातचे 24, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. त्यामुळे एकाच नियमात खरेदी, विक्री आणि टीडीएसचं (कापलेल्या कराचं) प्रमाणपत्र, सगळं सापडतं. क्रिया दोनच: फोल्डरमध्ये हलवा, नोटिफिकेशन दाखवा.

मोबाईलवर काढलेल्या स्कॅनचं आधी ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून घ्या, नाहीतर आत वाचायला मजकूरच नसतो.

नियम वरून खाली लागतात, पहिला जुळला की खालचे बघितले जात नाहीत. माझे दोन क्लायंट एकमेकांना माल विकतात, त्या बिलावर दोघांचेही पॅन. म्हणून दोन्ही अटींचा नियम सगळ्यात वर ठेवलाय. तो बिल 'दोघांचं' फोल्डरमध्ये टाकतो, नोटिफिकेशन आलं की मी दुसरी प्रत स्वतः करते.