कॅम्पर व्हॅन गरम होते? आधी बघा, कधी गरम होते

नागपुरात गाडी गरम झाली की उत्तर ठरलेलं असतं: ‘ऊन किती आहे भाऊ, होणारच.’ मला हे पटत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो हे खरं आहे. पण इंजिनातलं पाणी ८५ ते ९५ अंशांवर फिरत असतं, म्हणजे बाहेरच्या हवेत आणि त्यात चाळीसेक अंशांचा फरक उरतोच. रेडिएटर धड असेल तर त्याला तेवढा पुरतो. नवतपात खच्चून भरलेली एसटी अमरावतीला जाऊन परत येतेच की.

मी हिंगणा रोडवरच्या एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनांवर काम केलं. निवृत्तीनंतर एक जुनी डिझेल व्हॅन घेतली, तिच्यात पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या बसवल्या. मी आणि ही, दोघं पेंच, ताडोबा, चिखलदरा असे फिरतो. अशा गाड्या घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा बऱ्याच जणांनी आधीच रेडिएटर, पंप, पाइप सगळं बदललेलं असतं आणि गाडी तरीही उकळते. म्हणून सामान घ्यायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: तापमानाचा काटा कधी चढतो? उभ्या गाडीत, की हायवेवर?

त्याआधी रस्त्यावरचं सांगतो. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला की एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर लावा. घाम निघेल, पण हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच, ती इंजिनाची उष्णता बाहेर काढते. चढावर असाल तर एक गिअर खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढले की पंप आणि पट्ट्यावरचा पंखाही जोरात फिरतो. काटा लालला टेकला किंवा वाफ दिसली की बाजूला घेऊन इंजिन बंद. काटा लालवरून अचानक थंडवर पडला तर उतरलं म्हणून निर्धास्त होऊ नका. बहुतेक वेळा पाणी इतकं कमी झालेलं असतं की सेन्सर कोरडा पडतो. अशा वेळी लगेच थांबायचं.

रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. वरचा जाड पाइप हाताने सहज दाबता येईपर्यंत थांबा. इंजिन सीटखाली असेल तर त्याचं कव्हरही घाईने उचलू नका, वाफ सरळ तोंडावर येते. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जातो.

आता उभ्या गाडीतलं. सीताबर्डीच्या गर्दीत काटा चढतो आणि वर्धा रोडला लागून वेग घेतला की उतरतो, असं असेल तर पाणी फिरतंय, हवा मिळत नाही. पंखा बघा. विजेवरचा असेल तर एसी लावल्यावर तो फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, वायर या क्रमाने तपासा. फिरत असेल तर समोरून जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा, तो चिकटून बसला पाहिजे. उलट ढकलला गेला तर कुणीतरी वायरी उलट्या जोडल्यात. पट्ट्यावरचा व्हिस्कस पंखा, म्हणजे तापल्यावरच घट्ट पकडणाऱ्या तेलाच्या क्लचचा, असेल तर गाडी तापल्यावर इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, पंखा हाताने फिरवा. जड लागला तर ठीक. मोकळा गरागरा फिरला तर त्याचा क्लच संपला. मध्यभागी तेलाचे ओघळ दिसले तर शंकाच नको.

पंखा बरा असेल तर जाळी बघा. समोरून नव्हे. पुढे एसीचा कंडेन्सर असतो, मागे रेडिएटर, आणि दोघांमध्ये बोटभर फट. या फटीत काय साचतं ते एकदा टॉर्च मारून पाहाच. एप्रिल-मेमध्ये सावरीची बोंडं फुटतात, म्हाताऱ्या रस्त्यावर उडत असतात. त्या आत शिरतात, वर धूळ बसते, कुठे तेलाचा अंश लागतो, आणि कंडेन्सरच्या मागे करड्या रंगाचा जाड थर तयार होतो. समोरून जाळी चकचकीत दिसते आणि मागचा थर बोटाने सोलून निघतो. कंडेन्सरचे बोल्ट काढून तो गॅसच्या नळ्यांना ताण न देता थोडा पुढे सरकवा आणि साध्या पाइपने इंजिनाकडून बाहेर पाणी मारा. सर्व्हिसिंगवाल्याची प्रेशर गन नको, पात्या आडव्या होतात.

कॅम्परवाल्यांना एक विनंती. पुढे स्टेपनी, मोठे दिवे, नावाची पाटी असं काही लावलं असेल तर ते काढून एक फेरी मारा. आणि वजन धरा: टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. चिखलदऱ्याला जाताना टाकी परतवाड्यात नव्हे, वर पोचून भरा.

हायवेवर, समृद्धीवर सलग वेगात काटा चढत असेल तर गोष्ट वेगळी. हवा भरपूर आहे, पाणी पुरेसं फिरत नाही. गाडी तापवून वरचा आणि खालचा पाइप चाचपा. इंजिन गरम आणि वरचा पाइप गार, तर इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरचा रस्ता मोकळा करणारा थर्मोस्टॅट उघडत नाही. वरचा चटका देतो आणि खालचा अगदी गार, तर रेडिएटर आतून बुजला असण्याची शक्यता मोठी. लेझरवालं थर्मामीटर जाळीवर फिरवा, बुजलेला पट्टा आजूबाजूपेक्षा स्पष्ट गार दाखवतो. आपल्याकडे हे बोअरच्या पाण्याने होतं. बादलीला जो पांढरा थर धरतो तोच नळ्यांत धरतो. खालचा पाइप वेगात चपटा होतो का हेही इंजिनाचे फेरे वाढवून बघा. त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली की पंपाच्या ओढीने तो मिटतो.

झाकण लोक सगळ्यात शेवटी बघतात, खरं तर ते सगळ्यात आधी बघायला हवं. त्याचं काम कुकरच्या शिट्टीचं आहे, आतला दाब धरून ठेवायचं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर आणि झाकणाचा दाब मिळून ते १२०च्याही पुढे जातं. झाकण दाब धरत नसेल तर ही सवलत बरीचशी गेली. चिखलदरा जवळपास ११०० मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. गार गाडीवर झाकण काढून उलटं करा. रबराच्या चकतीवर खाच, भेग किंवा पांढरा क्षार दिसला तर नवीन घ्या, पण जुन्यावर जो आकडा आहे, ०.९ किंवा १.१, तोच घ्या.

आता थर्मोस्टॅट, ज्याला मिस्त्री ‘वॉल’ म्हणतात. ‘आपल्या उन्हात वॉल लागत नाही, काढून टाका’ हा सल्ला मी मनापासून नाकारतो. पुष्कळ इंजिनांत वॉल उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच घुमतो आणि चढावर गाडी आणखी तापते. डिसेंबरच्या सकाळी इंजिन वेळेत तापत नाही, डिझेल जास्त पितं, ते वेगळंच. संशय असेल तर वॉल दोऱ्याने बांधून पातेल्यात तळाला न टेकवता उकळायला ठेवा, सोबत थर्मामीटर. त्यावरच्या आकड्याच्या आसपास, समजा ८२, तो उघडू लागला पाहिजे.

हे सगळं ठीक आणि पाणी तरीही कमी होतंय, बाहेर थेंब नाही, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलकडे, वळा. गार गाडीवर झाकण काढा, इंजिन चालू करा. पहिल्याच मिनिटापासून सतत बुडबुडे येत राहिले तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. तेल मोजायच्या पट्टीवर तेल दुधाळ दिसलं तर गाडी चालवू नका, टो करून आणा. हेड उतरवलं की नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. हेड सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा.

शेवटी पाणी भरताना गाडीचं तोंड चढाला लावा, हीटर गरमवर ठेवा, सावकाश ओता आणि वरचा पाइप दाबत राहा. मागच्या केबिनला हीटरच्या नळ्या नेल्या असतील तर हवा तिथेच अडकते. काढलेलं जुनं कूलंट नालीत सोडू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये बंद करून गॅरेजला द्या. मग आउटर रिंग रोडला एक चक्कर मारा, रात्रभर गाडी गार होऊ द्या आणि सकाळी कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा. उतरली असेल तर खुणेपर्यंत भरून दुसऱ्या सकाळी पुन्हा बघा. पातळी थांबली की मगच घाटाचा बेत करा.