जुन्या कॉमिक्सची देवघेव: या चुका टाळा

‘इंद्रजाल, मराठी, वेताळ, कंडिशन छान, भाव बोला.’ जाहिरातीत एवढंच असेल तर पुढच्या भांडणाची निम्मी तयारी तिथेच झाली. घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोरा अंक उभा राहतो आणि देणाऱ्याच्या हातात असतो मधली चार पानं सुटलेला. दोघंही सरळ मनाचे असतात, तरी पार्सल उघडल्यावर बोलाचाली होते. हौशी संग्राहकांमधले बहुतेक वाद अशा अर्धवट वर्णनातूनच उभे राहतात. म्हणून भावाचं बोलण्याआधी हातातला अंक नेमका कोणता, कोणत्या छपाईचा आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे लिहून काढायचं.

चूक: क्रमांक कळला म्हणजे अंक कळला

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. शेवटचा क्रमांक ८०५, पण निघालेले अंक ८०३. संपामुळे १२३ आणि १२४ हे दोन क्रमांक छापलेच गेले नाहीत. आपल्या यादीत ते ‘हवे आहेत’ म्हणून लिहिले असतील तर खोडून टाका. आणि ते कोणी विकायला काढलेच, तर पैसे देण्याआधी थांबा.

पुढच्या काळातल्या अंकांवर सलग क्रमांकाऐवजी खंड आणि अंक छापलेला असतो. अशा वेळी ‘अंक १४ आहे’ याला काहीच अर्थ उरत नाही, कारण दर खंडाला स्वतःचा १४ आहे, शिवाय सुरुवातीच्या सलग क्रमांकातलाही एक. खंड, अंक, तारीख, भाषा आणि कथेचं नाव, पाचही गोष्टी अंकावरूनच उतरवून घ्या. इंग्रजी यादीतला क्रमांक मराठी अंकाला परस्पर लावू नका. समोरच्याने फक्त ‘बहादूरचा अंक’ म्हटलं तर तेवढ्यावर होकार देऊ नका. आबिद सुरतींचा हा नायक १९७६ च्या डिसेंबरात इंद्रजालमध्ये आला आणि मालिका बंद होईपर्यंत त्याच्या बऱ्याच कथा निघाल्या.

अमर चित्र कथेत हा घोळ आणखी मोठा. मालिका १९६७ ची, संपादक अनंत पै. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते, म्हणून भारतीय कथांची सुरुवात ‘कृष्ण’पासून होते आणि त्याचा क्रमांक ११. हे ऐकून माहीत असलेला माणूस ११ क्रमांकाचा ‘कृष्ण’ दिसला की ‘पहिली आवृत्ती’ म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो. पण त्याच क्रमांकाखाली ही पुस्तकं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली गेली. पुढे मालिकेला ५०१ पासून नवे क्रमांक मिळाले आणि ‘कृष्ण’ ५०१ झाला. त्यामुळे क्रमांकावरून कथा कळते, छपाईचा काळ कळत नाही.

काळ ठरवायला अंकच मदत करतो. मुखपृष्ठाच्या किंवा मलपृष्ठाच्या आत आधी निघालेल्या पुस्तकांची यादी असते. तिच्यातला सर्वांत मोठा क्रमांक पाहा. यादीत १५० वं पुस्तक असेल तर हातातली प्रत त्या पुस्तकाच्या आधीची असूच शकत नाही. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. प्रकाशकाच्या इंग्रजी पत्त्यात बॉम्बेऐवजी मुंबई असेल तर १९९५ नंतरची. तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) किंवा ‘एसीके मीडिया’ हे प्रकाशकाचं नाव असेल तर साधारण २००७ पासून पुढची. जुन्या प्रतींवर इंडिया बुक हाऊसचं नाव असतं.

या खुणा एकाच बाजूने काम करतात, हे विसरू नका. पिनकोड दिसला तर प्रत १९७२ च्या आधीची नाही एवढं पक्कं. पिनकोड नाही म्हणून ती आधीची ठरत नाही, कारण पुष्कळ जण बरीच वर्षं जुनाच पत्ता छापत राहिले. किमतीवर स्टिकर असेल तर खालची किंमत उजेडासमोर धरून वाचा. तोच अंक वेगवेगळ्या छपायांत वेगवेगळ्या किमतीला निघालेला असतो.

चूक: पानं न मोजणं

पिना मारलेल्या अंकात एक कागद म्हणजे चार पानं. आतली पानं ३२ असतील तर आत आठ कागद. एका कागदाच्या एका बाजूला जी दोन पानं येतात, त्यांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी ३३ येते: १ आणि ३२, ५ आणि २८, १६ आणि १७. म्हणजे ५-६ हे पान सुटून हरवलं असेल तर २७-२८ कशाला धरून आहे ते बघायचं. तेही सैल असणार, किंवा कोणीतरी चिकटवलेलं असणार. काही प्रकाशक मुखपृष्ठापासूनच पानं मोजतात, तेव्हा ३२ अधिक ४ अशी ३६ पानं धरा आणि बेरीज ३७.

सर्वांत आधी जातं ते मधलं जोडपान, १५ ते १८. दोन्ही पिना त्याच्याच पोटात वळलेल्या असतात आणि उघडमिटीचा सगळा ताण तिथे येतो. ते अख्खं गेलं तरी बाकीचा अंक घट्टच राहतो, म्हणून वरवर चाळताना चुकतं. कथेचा धागा तुटतो का ते वाचून बघण्यापेक्षा क्रमांक मोजणं खात्रीचं. पानांवर क्रमांक नसतील तर कागदाच्या चिटोऱ्या घालून मोजा, पेन्सिल लावू नका.

मोजणी पुरी झाली की कात्री शोधा. कूपन, कोडी, मागच्या पानावरची चित्रं मुलांनी हौसेने कापलेली असतात, आणि मागच्या बाजूची चित्रचौकटही त्याबरोबर गेलेली असते. हिंदी राज कॉमिक्सच्या काही अंकांबरोबर स्टिकर किंवा ट्रेडिंग कार्ड यायचं. ते आहे की नाही हे वेगळं लिहा.

भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयातून आलेले अंक पुष्कळदा बाईंडिंग सोडवलेले असतात. बाईंडरने तीन बाजू कापलेल्या असतात, त्यामुळे कडा संशयास्पद सरळ आणि अंक काही मिलिमीटर लहान. कण्याजवळ, म्हणजे पानं जोडलेल्या पाठीपाशी, दोऱ्याची किंवा दाभणाची भोकं दिसतात. पट्टी लावून उंची-रुंदी मोजा आणि त्याच काळातल्या, बाईंडिंग न झालेल्या अंकाशी ताडून बघा. कापलेला अंक वाचायला उत्तम, पण त्याचा भाव न कापलेल्याचा नव्हे.

चूक: ‘व्हेरी गुड’चा मराठी अर्थ लावणं

अंकाची अवस्था ठरवणाऱ्या परदेशी दहा गुणांच्या मोजपट्टीवर ‘व्हेरी गुड’ म्हणजे ४.० आणि ‘गुड’ म्हणजे फक्त २.०. ‘फाइन’ ६.०, ‘व्हेरी फाइन’ ८.०, ‘निअर मिंट’ ९.४. आपल्याकडे विकणारा ‘व्हेरी गुड’ लिहितो तेव्हा त्याला ‘फार छान’ म्हणायचं असतं, तर पट्टी जाणणारा घड्या पडलेला, वापरलेला अंक समजतो. उलटही होतं: पट्टीप्रमाणे बरोबर लिहिलेलं ‘गुड’ वाचून नवखा माणूस चांगला अंक मिळेल म्हणून पैसे पाठवतो. दोष शब्दांत सांगणं हाच सोपा उपाय. ‘वरची पिन गंजलेली, गंजाचा डाग मधल्या दोन पानांवर, कण्यावर ४ सेंटिमीटर चीर, मुखपृष्ठावर निळ्या पेनने नाव, पानं पूर्ण, पिवळसर, लवचिक.’ हे वाचून कोणाचाही गैरसमज होत नाही. ‘लवचिक’ मुद्दाम लिहिलं आहे. वर्तमानपत्री कागद आम्लामुळे पिवळा पडतो, पण पिवळा कागदही वाकतो तोवर ठीक. कोपरा किंचित वाकवताच कुरकुरत असेल तर ते पान पोस्टातच तुटेल.

फोटो किमान आठ मागा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा, पिनांसह मधलं पान, पहिलं पान, शेवटचं पान, प्रकाशकाचा मजकूर, आणि सर्वांत वाईट दोष जवळून. एका फोटोत अंकाशेजारी त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. दुसऱ्याच्या संग्रहातले उचललेले फोटो तिथेच गळतात.

चूक: नक्कल ओळखायला उशीर करणं

स्कॅन करून छापलेल्या प्रती ‘जुना अंक’ म्हणून फिरतात. सुरुवातीला कोणी वाचण्यासाठी छापून घेतलेली असते, पण दोन हात बदलले की ती माहिती गळून पडते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि संवादातल्या काळ्या अक्षरांवर धरा. मूळ छपाईत अक्षर फक्त काळ्या शाईचं असतं. स्कॅनवरून केलेल्या रंगीत छपाईत त्याच अक्षरात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात. दुसरी खूण बोटांना कळते: पानावर घडीची किंवा चुरगळल्याची रेघ दिसते, पण बोट फिरवलं तर कागद सपाट. मूळ प्रतीची घडी इथे छापली गेली आहे. पिनेच्या गंजाची सावली छापलेली आणि खरी पिन भलत्याच जागी, हेही तसंच.

आतल्या पानावर अतिनील टॉर्च मारली आणि कागद निळसर पांढरा झळकला तर शंका घ्या, कारण हल्लीच्या पांढऱ्या कागदात झळाळी आणणारी रसायनं असतात आणि जुन्या वर्तमानपत्री कागदात सहसा नसतात. मुखपृष्ठावर ही कसोटी लावू नका, तिथला कागद वेगळा.

अशी प्रत स्वतःकडे असेल तर मलपृष्ठाच्या आत बारीक अक्षरात ‘नक्कल’ लिहून ठेवा. आणि पीडीएफ किंवा त्याच्या छापील प्रती विकू नका, तो कॉपीराइटचा भंग आहे. स्वतःची मूळ प्रत विकण्यात मात्र काहीच गैर नाही.

चूक: विकण्याआधी ‘नीट’ करणं

चिकटपट्टी लावू नका. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात झिरपतो, पट्टी गळून पडते आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो. लॅमिनेशन तर परत न येणारी वाट. उन्हात ठेवल्याने वास कमी होतो, पण रंग उडतो आणि कागद आणखी कडक होतो. कुबट वासासाठी बंद खोक्यात अंक उभे ठेवा, तळाशी उघड्या वाटीत खाण्याचा सोडा, अंकाला न लागेल असा, आणि आठवडाभर झाकण उघडू नका.

गंजलेली पिन बाहेरून ओढली तर कागदासकट येते. काढायचीच असेल तर मधलं पान उघडून, बोथट पात्याने आतले दोन पाय सरळ करून, मग बाहेरून हलकेच. नवी पिन जुन्याच भोकांतून घाला आणि विकताना तसं सांगा. न सांगितलेली दुरुस्ती उघड झाली की तुमच्या पुढच्या दहा अंकांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

भाव आणि पैसे

मागितलेला भाव हा भाव नसतो. तोच अंक, तीच भाषा, तशीच अवस्था, आणि प्रत्यक्ष पैसे देऊन झालेला व्यवहार, असे तीन-चार मिळाले की अंदाज येतो. पुनर्मुद्रण निघतं तेव्हा फक्त वाचायला हवं असणारे गिऱ्हाईक बाजूला होतात आणि जीर्ण प्रतींची मागणी घटते. गठ्ठ्याने घेताना यादीशिवाय भाव ठरवू नका. शंभरात किती आपल्याकडे आधीच आहेत आणि किती बिनमुखपृष्ठाचे, हे कळल्याशिवाय प्रती अंक हिशेब लागत नाही.

यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा’ म्हणणारा तुमच्या खात्यातून पैसे काढायला बसला आहे. तसं झालंच तर क्षणाचाही उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा.

पोस्टात काय बिघडतं

दोन गोष्टी: कोपरे आणि पाणी. अंक आधी पिशवीत, मग दोन नालीदार पुठ्ठ्यांच्या मध्ये. पुठ्ठा चारही बाजूंनी २ ते ३ सेंटिमीटर मोठा हवा आणि एकाच्या नळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कोणत्याच बाजूने वाकत नाही. अंक एका पुठ्ठ्यावर कागदी पट्टीने अडकवा. पट्टी पिशवीला लागेल, अंकाला नाही. बाहेरून प्लॅस्टिक, आणि चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवा, नाहीतर उघडणारा सुरी चालवतो आणि ती थेट मुखपृष्ठावर उतरते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पाठवताना प्लॅस्टिकचे दोन थर.

मे २०२५ पासून पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा पुस्तकांसाठी स्वस्त पडते, पण नियतकालिकं आणि जाहिराती छापलेली प्रकाशनं तिच्यात बसत नाहीत, आणि बरीचशी जुनी कॉमिक्स नेमकी त्यातच मोडतात. काउंटरवर विचारून घ्या, नाहीतर सरळ स्पीड पोस्ट करा. घेणाऱ्याने पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या पानापर्यंत. तक्रार किती दिवसांत करायची आणि परतीचं टपाल कोण भरणार, हे पैसे देण्याआधी ठरवा.

आलेला अंक लगेच कपाटात इतरांशेजारी ठेवू नका. कसर एका अंकातून पन्नास अंकांत जाते. कण्यापाशी बारीक भुगा, अर्धवट कुरतडलेल्या कडा किंवा चंदेरी किडा दिसला तर अंक हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता चोवीस तास खोलीत राहू द्या. घाईने उघडली तर हवेतला ओलावा थंड कागदावर दवासारखा बसतो आणि किड्याच्या जागी बुरशी येते. त्यानंतर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पिशवी वापरा. वास येणारी मऊ पीव्हीसी पिशवी शाईला चिकटते, तिच्यात काही ठेवू नका.