गोडी छाटणीचं पेस्टिंग: आधी हातमोजे, मग डबा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, कात्र्या चालू झाल्यात. परतीचा पाऊस मध्येच उघडतो, मध्येच झोडपतो. त्यामुळे दोन दिवस कोरडे दिसले की सगळ्यांची एकदम धांदल. मिळेल ती टोळी लावायची आणि छाटणी-पेस्टिंग एका दमात उरकायचं. पेस्टिंग म्हणजे छाटलेल्या काडीचे डोळे (कळ्या) फुटावेत म्हणून त्यांना औषध लावणं. या घाईत दरवर्षी तोच प्रकार: बादलीत डॉरमेक्स (म्हणजे हायड्रोजन सायनामाइड), हातात फडका, बोटं उघडी.

बाकीची कामं तुम्हाला पाठ आहेत, ती नुसती मांडतो:

- छाटणीआधी पाणी तोडणं, पानगळ
- काडीची जाडी आणि डोळा तपासून छाटणी
- 48 तासांच्या आत पेस्टिंग
- काड्या बागेबाहेर, ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) 1 टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण)

पेस्टिंगसाठी 50 टक्के हायड्रोजन सायनामाइड लिटरला 30 ते 40 मिली. माझा आपला अंदाज असा, की दुपारी ओलांड्याला हात लावल्यावर चटका बसत असेल तर 30 वरच थांबा. दुकानदार सोबत ‘एकसारख्या फुटीचा’ बूस्टर गळ्यात मारेल. तो घेऊ नका, त्याच पैशात अख्ख्या टोळीचे हातमोजे येतात.

हातमोजे म्हणजे रबरी किंवा नायट्राइलचे, कोपरापर्यंतचे. सुती मोज्यांपेक्षा उघडा हात बरा म्हणायची वेळ येते, कारण सुती मोजा औषध पितो आणि दिवसभर कातडीला धरून ठेवतो. वाय (Y) आकाराच्या मांडवात काडी खांद्याच्या वर असते. हात वर केला की थेंब मनगटावरून घरंगळत थेट बाहीत, काखेपर्यंत. म्हणून मोज्याची कड बाहेरून दुमडा, थेंब त्या दुमडीत अडकतो. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण वर बघूनच काम करायचं असतं.

हे औषध कातडी भाजतं. लगेच कळत नाही, संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात आग सुरू होते आणि पुढे सालं निघतात. युरोपीय संघाने 2008 सालीच याला मंजुरी नाकारली, आणि लावणाऱ्या माणसाला होणारा धोका हे त्यातलं ठळक कारण होतं. आपली द्राक्षं तिकडे जातात, ती फूट मात्र इथल्या हातांनी निघते.

आता दारूचं. हे औषध शरीरात गेलं की दारू पचवण्याची क्रिया मध्येच अडते. मग दोन घोटांतही चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, धाप लागते, रक्तदाब पडतो. घरचे म्हणतात जास्त झाली, झोपू द्या. झोपू देऊ नका, दवाखाना गाठा. पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून पुढे निदान आठवडाभर थेंबही नको, मालक असो वा मजूर. आसव-अरिष्टं आणि काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं, तीही बंद. मुकादमाला हे सकाळीच, सगळ्यांसमोर सांगा. गरोदर बाईला या कामावर घेऊच नका, छाटणीला लावा.

अंगावर उडालं तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर 15 मिनिटं सतत स्वच्छ पाणी. पोटात गेलं तर उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि डब्यावरचं लेबल सोबत न्या. डॉक्टरांना ‘फवारणीचं औषध’ एवढंच सांगून भागत नाही. नाव सांगा: हायड्रोजन सायनामाइड. हे ऑर्गॅनोफॉस्फेट नाही, त्यामुळे त्या विषावर देतात तो अ‍ॅट्रोपिनचा उतारा याला लागू नाही.

फडक्याने बागेचंही वाटोळं होतं. ठिबकणाऱ्या फडक्यातलं पाणी खालच्या डोळ्यांवर उतरतं, नको तिथे फुटी निघतात आणि विरळणीची मजुरी वाढते. ब्रश किंवा पिळलेला स्पंज घ्या, हवा तोच डोळा ओला करा. द्रावणात रंग टाका, म्हणजे सुटलेली काडी दिसते आणि हातावर उडालेलंही दिसतं.

लागेल तेवढंच प्लास्टिकच्या बादलीत कालवा. लोखंडी किंवा पितळी भांडं नको. डबा उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवू नका, आणि उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच ओतू नका. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पेस्टिंगच्या द्रावणातच घाला, मग डब्याला भोक पाडा. न फोडलेला डबा आठवडाभरात कुणाच्या तरी घरी पाणी भरायला जातो.