केळी खरेदीच्या ॲपचा कोड सोपा आणि सांभाळता येईल असा कसा करावा

रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात केळी खरेदीची पावती मोबाईलवर करायची म्हटलं, की ॲप लिहिणारं ऑफिस बहुधा जळगाव-भुसावळचं आणि दोन-तीन माणसांचं असतं. पहिलं वर्ष छान जातं. मग नियम वाढत जातात. नवती, पिलबाग, वापसी या मालाच्या प्रतींचे भाव वेगळे, भावावर फरक, वजनातली घट, हमाली, तोलाई, शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल. प्रत्येक नियमाबरोबर कोडमध्ये आणखी एक ‘जर’ येऊन बसतो. पुढे ज्याने ॲप लिहिलं तो पुण्याला नोकरीला जातो आणि जळगावात राहिलेल्याला घटीची टक्केवारी बदलायची तरी धास्ती वाटते.

आपल्याकडे कोड लिहिणारी माणसं बदलतात, व्यापारी मात्र तोच राहतो. म्हणून व्यापाराचा हिशोब स्क्रीनच्या कोडमधून बाहेर काढून एका जागी आणणं, हे मला या कामातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल वाटतं. बाकीच्या पायऱ्या त्याच्या आधीच्या तयारीच्या किंवा नंतरच्या राखणीच्या आहेत. उदाहरणं अँड्रॉइड आणि त्याची ॲप लिहायची भाषा कोटलिन यांची घेतली आहेत. फ्लटर किंवा स्विफ्टमध्ये हत्यारांची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

आधी एक गोष्ट करू नका

‘सगळं नव्याने लिहू’ हा विचार बाजूला ठेवा. जुन्या कोडमध्ये बऱ्याच अशा अटी असतात की त्या कोणी सांगितल्या आणि का घातल्या, हे कुठेच लिहिलेलं नसतं. एखाद्या व्यापाऱ्याकडे वापसी मालावर हमाली लावत नाहीत, तेवढ्यासाठी एक ओळ असते. नव्याने लिहिताना ती ओळ हमखास सुटते, आणि ते कळतं थेट शेतकऱ्याच्या हातात पावती गेल्यावर. म्हणून छोट्या छोट्या पावलांनी, ॲप चालू ठेवूनच बदल करा. मालाची आवक जोरात असलेल्या दिवसांत मोठा बदल वापरणाऱ्यांच्या हातात देऊ नका.

पायरी १ : गुंता कुठे आहे ते मोजा

कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सोयीत, नसेल तर आजच टाका. असेल तर गिटच्या नोंदींमधून कोणत्या फाइली सर्वांत जास्त वेळा बदलल्या ते काढा. मग कोटलिनसाठी ‘डिटेक्ट’ किंवा स्विफ्टसाठी ‘स्विफ्टलिंट’ हे कोड तपासणारं हत्यार चालवून कोणत्या फंक्शनचा गुंता किती ते पाहा.

हा गुंता मोजायची जुनी पद्धत थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडली. फंक्शनसाठी १ धरायचा आणि प्रत्येक ‘जर’, प्रत्येक लूप, पर्यायांतली प्रत्येक शाखा यांसाठी १ मिळवायचा. बहुतेक हत्यारं अटीतला ‘आणि’ व ‘किंवा’ही मोजतात. आलेला आकडा म्हणजे त्या फंक्शनमधून जायच्या स्वतंत्र वाटा, आणि साधारण तेवढ्या तरी चाचण्या त्याला लागतात. मॅकेब यांनी १० ही मर्यादा सुचवली होती, स्विफ्टलिंट आजही १० च्या वर गेलं की इशारा देतं.

दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जी फाइल गुंत्याचीही आहे आणि सतत बदलतेही, तिथूनच सुरुवात करा. गुंत्याची पण वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली फाइल तशीच राहू द्या, तिच्यावर वेळ घालवण्यात काही हशील नाही. पावतीच्या ॲपमध्ये बहुधा पावतीची स्क्रीनच सापडते. वजन घेणं, हिशोब करणं, डेटाबेसमध्ये लिहिणं, ब्लूटूथ प्रिंटरला पाठवणं, व्हॉट्सॲपवर पावती टाकणं, हे सगळं एकाच ॲक्टिव्हिटीत, म्हणजे अँड्रॉइडच्या एका स्क्रीनच्या कोडमध्ये, भरलेलं असतं.

पायरी २ : आज जे उत्तर येतं ते आधी पकडून ठेवा

कोडची रचना बदलायची आणि उत्तर मात्र बदलू द्यायचं नाही. उत्तर तेच आहे हे सिद्ध करायला आधी चाचण्या लागतात. त्यासाठी व्यापाऱ्याच्या मुनीमाकडून जुन्या पावत्या मागा. प्रत्येक प्रकारच्या घ्या: नवतीची, वापसीची, उचल असलेली, उचल नसलेली, फार कमी वजनाची. शेतकऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर काढून फक्त आकडे चाचण्यांत घाला. आज ॲप जे उत्तर देतं तेच चाचणीत ‘अपेक्षित’ म्हणून लिहा, मग ते तुम्हाला चुकीचं वाटत असलं तरीही. चूक दुरुस्त करणं हे वेगळं काम आहे. ते व्यापाऱ्याला विचारून, वेगळ्या बदलात करा.

मुनीमाबरोबर बसलेला हा अर्धा दिवस फार मोलाचा असतो. कोणता नियम सगळ्यांचा, कोणता एकाच गिऱ्हाइकाचा आणि कोणता बंद पडूनही कोडमध्ये तसाच राहिलेला, हे त्याच्याइतकं नेमकं कोणीच सांगू शकत नाही.

पायरी ३ : हिशोब स्क्रीनमधून बाहेर काढा

एक साधं फंक्शन लिहा. त्याला वजन, भाव, फरक, घटीची टक्केवारी, हमाली, तोलाई आणि उचल द्यायची. त्याने देय रक्कम आणि प्रत्येक वजावट परत करायची. बस, एवढंच. त्याने डेटाबेस उघडायचा नाही, स्क्रीनला हात लावायचा नाही, आजची तारीखही स्वतः विचारायची नाही. तारीख लागत असेल तर ती बाहेरून द्यायची.

हे फंक्शन अँड्रॉइडवर अजिबात अवलंबून नसलेल्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा. मग त्याच्या चाचण्यांना ना फोन लागतो ना इम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन), त्या साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत संपतात. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर इम्युलेटर उघडून बसणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. चाचणी जलद असली की माणूस ती खरोखर चालवतो.

हे एका जागी का हवं, ते आकड्यांतून पाहू. माल ४,२६० किलो, भाव क्विंटलला १,४५० रुपये, घट २ टक्के. बाकी वजावटी सध्या सोडून देऊ. घट ८५.२ किलो येते. ती तशीच ठेवली तर रक्कम ६०,५३४ रुपये ६० पैसे. घट आधी पूर्ण किलोत, म्हणजे ८५ केली तर उरलेलं वजन ४,१७५ किलो आणि रक्कम ६०,५३७ रुपये ५० पैसे. फरक २ रुपये ९० पैशांचा. पावतीच्या स्क्रीनने एक पद्धत वापरली आणि रोजच्या गोषवाऱ्याने दुसरी, तर संध्याकाळी मुनीमाचा मेळ बसत नाही. प्रत्येक पावतीत थोडा थोडा फरक, आणि तो नेमका कुठून येतो ते सापडत नाही. शेतकऱ्याच्या हातातली पावती आणि खात्यातली रक्कम वेगळी दिसली तर विश्वासावरच घाव बसतो.

म्हणून हिशोबाचं फंक्शन एकच हवं, आणि पावती, गोषवारा, छपाई या तिन्ही ठिकाणांहून तेच बोलावलं जायला हवं. पूर्णांक कधी आणि कसा करायचा हा नियमही त्याच्याच आत. रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत ठेवा किंवा दशांश अचूक ठेवणारा ‘बिगडेसिमल’ वापरा. ‘डबल’ या अंदाजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात पैसे ठेवू नका, त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही.

एकदम सगळी ॲक्टिव्हिटी फोडायला जाऊ नका. आधी घट बाहेर काढा, चाचण्या चालवा, गिटमध्ये नोंद करा. मग हमाली. मग उचल.

पायरी ४ : एकात एक अडकलेल्या अटी सोडवा

बहुतेक जुन्या फंक्शनचं रूप असं असतं:

जर वजन टाकलं असेल तर
— जर आजचा भाव भरला असेल तर
—— जर शेतकरी निवडला असेल तर
——— हिशोब कर

आणि खाली तीन ‘नाहीतर’, त्यातला कोणता कोणाचा हे बोट ठेवून शोधावं लागतं. तेच उलटं लिहा:

वजन नसेल तर ‘वजन टाका’ सांगून परत जा
भाव नसेल तर ‘आजचा भाव भरा’ सांगून परत जा
शेतकरी नसेल तर ‘शेतकरी निवडा’ सांगून परत जा
हिशोब कर

यात मॅकेब यांचा आकडा कमी होत नाही, अटी तेवढ्याच आहेत. वाचणं मात्र सोपं होतं. अटी किती खोल अडकल्या आहेत हेही धरणारी ‘कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी’ नावाची मोजणी सोनारसोर्सने नंतर आणली, तिच्यात हा बदल लगेच दिसतो. एकाच आकड्यावर विसंबू नका.

होय-नाहीच्या खुणांचंही तसंच. ‘लोड होतंय’, ‘चूक आली’, ‘यादी तयार’ अशा तीन खुणा वेगवेगळ्या ठेवल्या की त्यांच्या ८ जोडण्या होतात, त्यांतल्या खऱ्या तीनच. त्याऐवजी कोटलिनचा ‘सील्ड’ प्रकार, म्हणजे ठरलेलेच पर्याय असलेला प्रकार, वापरून तीनच अवस्था लिहा. कोटलिन १.७ पासून ‘व्हेन’मध्ये (पर्यायानुसार शाखा निवडणाऱ्या रचनेत) अशा प्रकारातली एखादी अवस्था हाताळायची राहिली तर कोड कंपाइलच होत नाही. मालाच्या प्रतीसाठीही हेच करा. नवी प्रत आली की कुठे कुठे बदल करायचा ते कंपाइलरच दाखवेल.

पायरी ५ : स्क्रीनकडे फक्त दाखवण्याचं काम ठेवा

फोन आडवा केला की नेहमीच्या मांडणीत अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी मोडून पुन्हा बनवतो. भरलेली माहिती तिच्यातच असेल तर ती जाण्याची भीती. ती ‘व्ह्यूमॉडेल’मध्ये, म्हणजे ॲक्टिव्हिटी मोडली तरी टिकणाऱ्या वस्तूत, ठेवा. सिस्टीमने ॲपच बंद केलं तर व्ह्यूमॉडेलही जातो, म्हणून अर्धवट पावती ‘रूम’मध्ये म्हणजे फोनमधल्या डेटाबेसमध्ये साठवा. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतात नेटवर्क नसतानाही पावती होते ती याच डेटाबेसमुळे. सर्व्हरला पाठवण्याचं काम मागून, वेगळ्या वर्गाने (क्लासने) करावं.

इथे थांबायलाही शिकलं पाहिजे. एका बटणासाठी सात फाइली करणारी रचना मोठ्या कंपनीला शोभत असेल, दोन माणसांच्या ऑफिसाला ती नवा गुंताच आणून देते. स्क्रीन, व्ह्यूमॉडेल, हिशोब आणि साठवण, एवढे थर पुरतात.

सारखा दिसणारा सगळा कोड एकत्र करायचाही हट्ट नको. तोच व्यापारी कापूसही घेत असेल तर दोन्ही हिशोब आज सारखे दिसतात, पण उद्या कापसात ओलाव्याची वजावट येते आणि केळीला तिचा संबंध नसतो. ते हिशोब वेगळेच राहू द्या. केळीच्या तीन स्क्रीनवरची घट मात्र एकच नियम आहे, ती एकाच जागी हवी.

पायरी ६ : काढून टाका, नाव द्या

बंद पडलेले नियम, कॉमेंट करून ठेवलेला कोड, न वापरलेल्या स्क्रीन काढून टाका. गिटमध्ये ते आहेच. ‘आर८’ हे अँड्रॉइडचं हत्यार न वापरलेला कोड तयार ॲपमधून गाळतं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून तो जात नाही. नावं व्यापाऱ्याच्या तोंडची ठेवा. उचलीला ‘रक्कम२’ म्हणण्यापेक्षा उचलच म्हणा.

पायरी ७ : पुन्हा गुंता होऊ देऊ नका

डिटेक्टमध्ये ‘बेसलाइन’ची सोय आहे. आजचे जुने दोष त्यात नोंदवले की ते बाजूला राहतात आणि फक्त नवे दोष अडवले जातात. प्रत्येक बदलाबरोबर चाचण्या आणि डिटेक्ट आपोआप चालतील असं गिटहब ॲक्शन्स किंवा तत्सम सोयीवर लावून द्या. दोघांचंच ऑफिस असलं तरी एकाचा बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय गिटच्या मुख्य शाखेत घेऊ नका.

पायरी ८ : मागे राहणाऱ्यासाठी एक पान लिहा

कोड स्वच्छ असूनही ॲप अडकतं ते बहुधा इथे. गूगल प्ले दरवर्षी नव्या अँड्रॉइडला धरून ‘टार्गेट एपीआय’, म्हणजे ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी बनवलं त्याचा आकडा, वाढवायला लावतं, म्हणजे एकही नियम बदलला नाही तरी ॲपला हात लावावाच लागतो. ॲप कसं बिल्ड करायचं, सर्व्हर कोणाच्या नावावर, प्रिंटर कोणत्या प्रकारचा, कोणत्या व्यापाऱ्याचा कोणता खास नियम, हे सगळं मराठीत एका पानावर कोडशेजारीच ठेवा.

आणि सही करायची किल्ली, म्हणजे ‘कीस्टोअर’ फाइल आणि तिचा पासवर्ड, एकाच लॅपटॉपवर कधीही ठेवू नका. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर येणाऱ्या नव्या ॲपची मुख्य किल्ली गूगलकडे असते, आपली अपलोडची किल्ली हरवली तर ती बदलून मागता येते. व्हॉट्सॲपवरून थेट एपीके, म्हणजे ॲपची फाइल, वाटलेल्या ॲपला ही सोय नाही. तिथे किल्ली हरवली की जुन्या ॲपवर नवं बसतच नाही, प्रत्येक व्यापाऱ्याला जुनं काढून नवं टाकावं लागतं आणि सर्व्हरवर न पोचलेल्या पावत्या त्यासोबत जातात. किल्लीची एक प्रत ऑफिसच्या मालकाकडे, दुसरी वेगळ्या जागी, आणि पासवर्ड त्या फाइलीपासून दूर ठेवावा. पुण्याला निघणाऱ्याने जाण्याआधी राहणाऱ्याच्या लॅपटॉपवर त्याच्याकडूनच एकदा ॲप बिल्ड करून, सही करून, व्यापाऱ्याच्या फोनवर जुन्या ॲपवरच टाकून बघावं.